पंपवाल्याचं खानदान

न्यूझीलंडमध्ये भर दुपारी, एका सुनसान रस्त्यावर आमची गाडी पेट्रोल संपून बंद पडली, तेव्हा आम्ही दोन पेट्रोल पंप मागे टाकून आलो होतो. दोन्ही चालू होते.

यात माझी चूक किती, हे तुम्हीच ठरवा. (बायकोने ठरवलेलं आहे. तिच्या बहिणीनेही ठरवलं आहे. साडूचं तर अकोल्यात दुकानावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालं आहे.)

आमची मुलगी रसिका तिकडे नोकरीला आहे. तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि वर "मावशी-मावसाजींनाही आणा" म्हणाली. मावशी म्हणजे माझ्या बायकोची, नलूची, धाकटी बहीण शोभा. मावसाजी म्हणजे तिचे यजमान रमेशराव. अकोल्याला बी-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं. माणूस चांगला आहे, पण अकोल्याचा आहे. आम्ही अमरावतीचे, त्यामुळे हे सांगावं लागतं.

रसिकाला आणि जावयांना सुट्टी नव्हती. म्हणून तिने सात सीटची एक गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन दिली आणि म्हणाली, "तुम्ही चौघं फिरून या. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात." आता प्रश्न आला की चालवणार कोण? माझ्या मते प्रश्नच नव्हता. मी जिल्हा परिषदेत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मी शांतपणे मुद्दा मांडला, की अमरावती हे विभागाचं मुख्यालय आहे, अकोला जिल्हा आमच्या विभागात येतो, तेव्हा स्टिअरिंग आपोआप माझ्याकडे येतं.

"दादा," रमेशराव म्हणाले, "तुमच्या अमरावतीले मेन लाइनची गाडी पकडाची म्हटलं त बडनेऱ्याले जा लागते. अन तुमी आमाले गाडीचं सांगून राहिले?"

शेवटी रसिकाने निकाल दिला. "चावी बाबांकडे. पण एक अट. काही गडबड झाली, तर त्या मिनिटापासून गाडी मावसाजी चालवतील."

हे ऐकून मी हसलो. मी स्कूटर चालवली आहे, जीप चालवली आहे, पावसाळ्यात चिखलदऱ्याचा घाट चढलो आहे. निघताना रसिका म्हणाली, "बाबा, पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, पंप लांब लांब आहेत. आणि पंपावर ना, तिथे..."

"आता तू मले पेट्रोल भराले शिकवतं का?" मी म्हणालो आणि काच वर केली. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग जर मी ऐकला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काटा अर्ध्यावर आला आणि समोरच पंप दिसला. मी झोकात गाडी आत घेतली, मशीनला लावली, इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि बसलो.

आम्ही चौघंही बसलो.

आपल्याकडे पंपावर गाडी शिरायच्या आधीच एक माणूस हात हलवत असतो. "पुढे घ्या, पुढे घ्या, अजून घ्या!" इथे हात नव्हता आणि माणूसही नव्हता. पाच मिनिटं गेली. मी हॉर्न वाजवला. पंपामागच्या कुरणातल्या चाळीस-पन्नास मेंढ्यांनी एकदम मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"जेवाले गेला असन," शोभा म्हणाली.

"अकरा वाजता?" नलू म्हणाली.

रमेशराव उतरले आणि पंपाच्या मागे कोणी झोपलंय का ते बघून आले. (आमच्याकडे पंपवाला मागे खाटेवर सापडतो.) मागे खाट नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या मशीनला एक गाडी लागली. एक उंच, गोरा माणूस उतरला, त्याने स्वतःच नळी काढली, टाकीत घातली, पेट्रोल भरलं आणि आमच्याकडे बघून हसून निघून गेला.

"हा कोन होता?" नलूने विचारलं.

"मालक असन," मी म्हणालो. "मालकाशिवाय कोन हात लावन मशीनले?"

"मंग मालकाले दिसलं नाही का, आपुन बसलो आहो म्हणून?"

पाच मिनिटांनी दुसरी गाडी आली. त्यातल्या टक्कल पडलेल्या माणसानेही आपल्या हाताने भरलं आणि गेला.

"मालकाचा भाऊ," रमेशराव म्हणाले. "नाक पाहा ना, सेम टू सेम."

मग एक बाई आली. तिने तर एका हातात मूल घेऊन दुसऱ्या हाताने पेट्रोल भरलं.

"सून असन," शोभा म्हणाली. "बिचारी! लेकरू घेऊन राबून राहिली."

पाऊण तासात त्या पंपवाल्याचं अख्खं खानदान येऊन गेलं. मेव्हणा आला, दोन पुतणे आले, ट्रॅक्टर घेऊन एक आजोबा आले. सगळ्यांनी घरचं पेट्रोल भरून घेतलं. पण चार गिऱ्हाइकं दारात बसली आहेत, त्यांना कोणी विचारेल? छे! आजोबांनी तर आम्हाला हात केला. आम्हीही केला. ते निघून गेले.

आता माझं डोकं फिरलं. मी वऱ्हाडी माणूस आहे. उपाशी राहीन, पण ज्या पंगतीत वाढपी माझ्यापुढून भांडं घेऊन पुढे जातो, त्या पंगतीत बसणार नाही.

"पैसे देऊन माल घेऊन राहिलो, फुकट नाही!" मी गाडी सुरू केली. "असा धंदा करते का कोनी? पुढच्या पंपावर भरू."

"अवो, एखाद्याले विचारा त," नलू म्हणाली. "उतरून विचाराले काय लागते?"

"मी कायले विचारू? गरज त्याइले पाह्यजे!"

गरज त्यांना नव्हती. दुसरा पंप बराच पुढे आला. तोपर्यंत काटा लाल पट्टीत शिरून बराच वेळ झाला होता. इथे तर खानदानही नव्हतं. एक पत्र्याचं छप्पर, त्याखाली दोन मशीनं, बस. मशीनवर कार्ड घालायची फट होती.

"एटीएम दिसते," रमेशराव म्हणाले. "पैसे काढून ठेवू का?"

नळी समोरच लटकत होती. पण तीस वर्षांत मी पंपावर दोनच कामं केली आहेत. टाकीचं झाकण उघडणं आणि मशीनवर शून्य बघणं. नळीला हात लावणं हे आपलं कामच नाही. लावला तर पंपवाला खेकसतो. परक्या देशात दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा आणि पोलीस आले तर मुलीची नोकरी जायची. मी दहा मिनिटं वाट पाहिली आणि निघालो.

"तिथं पाटी होती," नलू म्हणाली. "पुढचा पंप पंच्याऐंशी किलोमीटर, असं काहीतरी लिहून होतं."

"काटा लालवर आला तरी गाडी पन्नास किलोमीटर जाते. रिझर्व्ह म्हणतात त्याले."

"अन बाकीचे पस्तीस?" नलू प्राथमिक शाळेत गणित शिकवत होती, हे सांगायचं राहिलं.

पस्तिसाचा प्रश्नच आला नाही. सतराव्या किलोमीटरला गाडीने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला शांतपणे उभी राहिली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मोबाईलला रेंज नाही. देखावा इतका सुंदर होता की मला त्याचा राग आला.

मागच्या सीटवरून रमेशरावांनी हात पुढे केला. नुसता हात. चावीसाठी!

"थांबा," मी म्हणालो. "अजून गडबड झाली नाही. टाकीत पेट्रोल आहे, फक्त ते एका कोपऱ्यात बसलं आहे." आणि मी त्यांना स्कूटरची आठवण करून दिली. पेट्रोल संपलं की आपण स्कूटर आडवी करत होतो की नाही? कोपऱ्यातलं पेट्रोल इंजिनाकडे यायचं आणि स्कूटर पंपापर्यंत आरामात जायची. उभ्या अमरावतीने ही विद्या केली आहे. अकोल्यानेही केली असणार, कारण रमेशराव लगेच खाली उतरले.

सात सीटची गाडी आडवी करता येत नाही. पण हलवता येते. नलू आणि शोभा एका बाजूला सरकून बसल्या, रमेशराव आणि मी दुसऱ्या बाजूला छताची पट्टी धरून उभे राहिलो. "हं! एक, दोन, हुप्प!" गाडी झुलायला लागली. आतून शोभाचा आवाज आला, "भाऊजी, मले मळमळून राहिलं!"

"अजून थोडं! येऊन राहिलं पेट्रोल! हुप्प!"

या हुप्पच्या वेळी मागे एक जुनी पिकअप येऊन थांबली. गमबूट घातलेली एक साठीची बाई उतरली, तिच्यामागून कुत्रा उतरला. दोघांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं. मग बाईने इंग्रजीत विचारलं, की तुम्ही त्या बायकांना बाहेर काढायचा प्रयत्न करताय का?

मी माझ्या इंग्रजीत सगळी हकिकत सांगितली. पेट्रोल फिनिश. टू पंप्स. नो मॅन.

"पण पंपावर माणूस नसतोच," ती म्हणाली. "आपलं आपणच भरायचं असतं."

नलूने माझ्याकडे पाहिलं. शोभाने पाहिलं. कुत्र्याने पाहिलं.

"म्हणजे थो मालक नव्हता?" रमेशराव हळूच म्हणाले. "अन थे सून?"

त्या बाईच्या पिकअपमध्ये गवत कापायच्या मशीनसाठी ठेवलेला पेट्रोलचा कॅन होता. तिने तो आमच्या टाकीत रिकामा केला आणि पैसे काही केल्या घेईना. तेव्हा नलूने तिला कुंकू लावलं आणि चिवड्याचा अख्खा डबा दिला. आम्ही गाडी वळवली आणि सतरा किलोमीटर मागे, त्याच दुसऱ्या पंपावर आलो.

तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पेट्रोल भरलं. नलूने मशीनवरच्या सूचना मोठ्याने वाचल्या. कार्ड घाला, नंबर दाबा, नळी काढा, घोडा दाबा. नळीतून पेट्रोल जाताना हाताला जी थरथर लागते ना, ती फार छान असते हो! ज्याची इतकी भीती वाटत होती, ते काम पोराटोरांनाही यावं इतकं सोपं होतं. मी खूश झालो. मागे वळलो, तर नलू हात पुढे करून उभी.

"चाबी."

"अवं, आता त टाकी फुल झाली! आता काय?"

"पोरीनं काय सांगतलं होतं? चाबी द्या रमेशरावाइले."

दिली. काय करणार! अमरावती विभागाच्या इतिहासात असा दिवस आला नव्हता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मी आता पार मागे, सामानाजवळ बसणार आहे, मला कोणी काही विचारायचं नाही आणि मी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलणार नाही.

आणि मी नळी जागेवर अडकवायला गेलो. ती काही केल्या अडकेना. तेवढ्यात मागे दार लागल्याचा आवाज आला. रमेशराव दोन दिवस ज्या क्षणाची वाट पाहत होते, तो आला होता. गाडी सुसाट निघाली. मी "ओ! ओ!" म्हणेपर्यंत वळणावर दिसेनाशी झाली.

माझा फोन गाडीत, पाकीट गाडीत. पण मला खात्री होती, की दोन मिनिटांत त्यांना कळेल. नाही कळलं. मी बोलणार नाही असं सांगितलंच होतं, त्यामुळे माझा आवाज येत नाही याचं कोणाला नवल वाटलं नाही.

मी पंपाच्या छपराखाली उभा राहिलो. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत गाडीतून उतरले. त्यांना वाकताना त्रास होत होता. आता मला ते काम येत होतं आणि मला दुसरं कामही नव्हतं. मी भरून दिलं. ते फार खूश झाले, त्यांनी मला एक सफरचंद दिलं. त्यांचं पाहून मागच्या गाडीतली बाईही आतच बसून राहिली आणि तिने नुसती काच खाली करून कार्ड पुढे केलं. तिचंही भरलं. तिसऱ्याला मी शून्य दाखवलं.

तासाभराने आमची गाडी परत आली. नलू रडकुंडीला येऊन खाली उतरली.

"अवो, तुमी इथंच का बाप्पा! मी तिकडं सामानाकडं तोंड करून अर्धा तास तुमाले बोलून राहिली. पेट्रोलावरून बोलली, तुमच्या स्वभावावरून बोलली, तुमच्या बहिणीवरून बोलली. तरी चूप! मंग मले शंका आली. पस्तीस वर्षांत तुमी माह्यं इतकं शांतपणे कधी ऐकलं नाही!"

मला गहिवरून आलं. खरंच आलं. मी तिला सफरचंद दिलं. तेवढ्यात स्टिअरिंगवरून रमेशरावांनी काच खाली केली, एक कोपर बाहेर टेकवलं आणि म्हणाले,

"दादा, मागचं डावं चाक जरासं बसल्यावानी वाटते. हवा पाहून द्या बरं."

आणि काय सांगू तुम्हाला, मी वाकून पाहिली हो!