माकडाच्या पेशी आणि तिचा आकडा

रोग मी घरात आणला. गडचांदूरकडे सिमेंटच्या ट्रकवर होतो तेव्हाचा. माझी बायको, जी मागच्या साली गेली, त्यावर एकदाच बोलली. "आता आणलाच आहे तं दोघं मिळून गोळ्या खाऊ." मग सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी तलावातली मासोळी धरायची आणि महिन्यातून एकदा बसने चंद्रपूरला गोळ्या आणायला जायचं, असं सुरू झालं.

गोळ्या त्याच, जेवण तेच. माझ्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढल्या, तिच्या वाढल्याच नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिचा रोग उशिरा सापडला, काहींचं असं होतं.

माकडांचं त्यांनीच सांगितलं. आफ्रिकेतल्या काही माकडांत आपल्या एचआयव्हीच्याच जातीचा विषाणू असतो, पण ती आजारी पडत नाहीत. काखेत, मानेत असतात त्या त्यांच्या गाठींत काही पेशी पहाऱ्याला असतात, त्या विषाणूला तिथे लपू देत नाहीत.

"म्हंजे आपल्या घरावरचे कवेलू फोडणारे वांदरं आपल्याहून बरे," बायको म्हणाली.

"आपल्याकडचे नाहीत हो बाई, तिकडचे." डॉक्टरबाई हसल्या.

मला हसू आलं नाही. "मंग त्या पेशी हिले टोचता येत नाई काय?"

"नाही भाऊ. शोध चालू आहे. माणसासाठी तसं औषध अजून निघालं नाही."

माकडाच्या अंगात काय आहे ते यांना माहीत, आणि माझी बायको समोर बसलेली, तिला द्यायला काही नाही. राग आला. कुणावर काढायचा ते कळलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाई नव्हत्या. खिडकीतून दोघांचे रक्त तपासल्याचे कागद मिळाले. तिच्या पेशींचा आकडा आणखी पडला होता. तिला वाचता येत नव्हतं, मी चौथी शिकलेला. बसस्टँडवर तिनं विचारलं, "माह्या किती आल्या?"

मी माझा आकडा तिचा म्हणून सांगितला.

"आन् तुमच्या?"

काहीतरी सांगावं लागणार होतं. मी तिचा सांगितला.

त्या दिवसापासून अंडं उकडलं की माझ्या ताटात. मासोळीचा मधला तुकडा मला, डोकं तिला. मी परत वाढायला गेलो तर हात धरायची. "तुमच्या कमी आहेत. मी चांगली आहो." खरं सांगितलं तर खचेल, नाही सांगितलं तर अशीच अर्धपोटी राहील. मी खात गेलो.

शेवटी तिच्या छातीत भरलं, भरती करावं लागलं. सिस्टर सलाईन लावायला आली तर ही माझ्याकडे बोट करून म्हणते, "पयले यायले लावा. यायच्या पेशी कमी आहेत."

सिस्टरच्या हातात हिच्या तपासणीचा कागद होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"लावते बाई, त्यांनाही लावते," म्हणत तिनं सुई हिच्याच हातात घातली.

ही दुपारभर विचारत राहिली, तुमाले लावलं काय. मी लावलं म्हणत राहिलो. संध्याकाळी तिनं विचारायचं बंद केलं.