कंट्रोल रूममधली कोरडी हवा

‘‘माझं मॉडेल चुकलेलं नाही!’’ सुलेखाचं हे तीन आठवडे सगळ्यांना सांगून झालं होतं. ऑफिसात सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आणि रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी चालताना ती स्वतःशीच पुटपुटायला लागली, तेव्हा लेक शेवटी तो सिंगापुरी ‘ला’ लावून म्हणाली, ‘‘आई, सगळे बघतायत, ला!’’

बघू देत. तिचं डोकंच फिरलं होतं.

सुलेखा मूळची सांगलीची. पुण्यात शिकली आणि तेरा वर्षं सिंगापुरात जहाजांच्या इंजिनांवर काम करत होती. सिलिंडरमध्ये हवा कशी घुमते, इंधनाचा फवारा कसा फुटतो, ज्वाला नेमकी कुठे जास्त तापते, हे सगळं ती कॉम्प्युटरवर मांडायची, तेच तिचं मॉडेल. इंजिनात डोळ्याचं पातं लवायच्या आत जे घडतं, ते मोजायला तिच्या कॉम्प्युटरला तीन दिवस लागायचे. मग लाल-निळी चित्रं यायची आणि मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘वा, किती सुंदर!’’ अरे, ती काय रांगोळी आहे? त्या लाल डागात नायट्रोजनचा विषारी वायू तयार होतो, बंदराजवळची माणसं तो छातीत घेतात. पण सांगणार कोणाला?

तो लाल डाग लहान करायला तिने पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीचा आकार बदलला होता. त्यात तीन वर्षं गेली होती. शिपिंग कंपनीची अट सरळ होती : विषारी वायू पंधरा टक्के तरी कमी व्हायला हवा, नाहीतर प्रोजेक्ट बंद. सुलेखाचं मॉडेल म्हणत होतं, नऊ. तरी एकदा करून तर बघू म्हणून वाटी बनवली, इंजिनात बसवली, टेस्ट घेतली. आकडा आला चोवीस!

ऑफिसात केक कापला. सुलेखानेही खाल्ला, खोटं कशाला बोला. पण जागेवर येऊन बसली आणि तो चोवीस तिच्या घशाखाली उतरेना. एवढा फरक आला कुठून?

‘‘तू ना, उगाच जीव काढतेस,’’ तिचा साहेब प्रताप म्हणाला. प्रताप ठाण्याचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. ‘‘टेस्ट खरी असते, मॉडेल नाही. दोन-चार आकडे इकडेतिकडे कर आणि चोवीसला आणून ठेव. सोमवारी क्लायंट येतोय.’’

‘‘इकडेतिकडे करायला ती काय भाजीतलं मीठ आहे?’’

‘‘सुलेखा, डिझाइन तुझंच आहे ना? मग रडतेस कशाला?’’

कपाळ! तिने इकडेतिकडे करूनही पाहिलं. ज्वाला वाकवली, फवारा बारीक केला. मॉडेल नऊ-दहाच्या वर जायला तयार नव्हतं.

गुरुवारी ती तणतणत टेस्ट घेणाऱ्या कोह अंकलकडे गेली. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये एसी इतका कडक, की शाल घेतल्याशिवाय बसवत नसे. तासभर नोंदी तपासल्या. एकही चूक नाही. कोह अंकल शांतपणे चहा पीत होते, त्याचाही तिला राग आला. ती दार लोटून इंजिनाच्या हॉलमध्ये आली आणि चष्म्यावर भसकन वाफ धरली.

‘‘हे एक रोजचं मेलं!’’ म्हणत तिने चष्मा कुर्त्याला पुसला. पुसता पुसता हात थांबला.

इंजिन श्वास घेतं ते या हॉलच्या दमट हवेत. दमट हवेत ज्वाला जरा थंड राहते आणि विषारी वायू आपोआप कमी होतो. त्यात वाटीचं काही कर्तृत्व नाही. म्हणून तर नियम आहे, हवेतला दमटपणा मोजायचा आणि तेवढा वायूचा आकडा वर चढवायचा.

ती उलट्या पावली आत गेली. ‘‘अंकल, दमटपणा मोजायचा सेन्सर कुठे आहे?’’

कोह अंकलनी किटलीशेजारच्या फळीकडे बोट केलं.

‘‘इथे? या कोरड्या फ्रीजसारख्या खोलीत? आणि जुन्या वाटीच्या टेस्टला?’’

‘‘तेव्हा बाहेर होता, हवेच्या पाइपापाशी. नवीन टेस्टच्या आधी आत आणला.’’

‘‘कोणाच्या डोक्यातून निघालं हे?’’ तिचा आवाज चढला.

‘‘तुमच्याच, ला,’’ म्हणत त्यांनी फाइल उघडली. त्यात तिचाच मेल छापून लावला होता : ‘पावसाची सर आली की हॉलमधलं रीडिंग सारखं उडतं. मॉडेलला घालायला मला स्थिर आकडा द्या.’

त्यांनी दिला होता, आतल्या कोरड्या हवेचा; म्हणून नव्या टेस्टचा वायूचा आकडा वर चढलाच नाही आणि वाटी चोवीस टक्के भारी दिसली. तीन आठवडे ती जगावर डाफरत होती आणि घोळ तिचाच होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉलमधल्या हवेचा आकडा घालून तिने तिथेच हिशेब पुन्हा केला. दहा टक्के. मॉडेल बरोबर होतं. वाटी गेली.

प्रतापने नवा हिशेब आणि तिचा तो मेल दोनदा वाचला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

‘‘तीन वर्षं, सुलेखा. सोमवार एकदा जाऊ दे, मग बघू.’’

‘‘जहाजावर मोजतील तेव्हा दहाच निघणार आहे. आणि हवा तर तीच असणार, जी आपण सगळे घेतो.’’

त्याने मेलचा कागद टेबलावर पालथा ठेवला. मग हळूच म्हणाला, ‘‘तो मेल अजून कोणी पाहिलाय?’’

सुलेखाने चष्मा काढला, उगाचच पुसला आणि परत घातला.

‘‘मी पाहिलाय ना,’’ ती म्हणाली.