आधी टेकवायचं, मग ओतायचं

जाड चष्म्यांच्या घरात किस्से आपोआप साठतात, कुणी जमवायला बसत नाही. आमच्याकडे तीन चष्मे आहेत. पप्पांचा मायनस सात, माझा मायनस तेरा आणि नांदेडच्या आत्याचा मायनस अठरा! अहमदपूरला आमच्याकडे पाहुणे आले की हेच किस्से निघतात. सगळे हसतात, मीही हसते. पण दिवाळीपासून ते ऐकताना मी चष्मा काढून पुसत बसते.

*

आत्या बालवाडीत शिकवायची. तिचा डावा डोळा हळूहळू नाकाकडे वळला होता. एकदा तिने मुलांना 'आमच्या बाई' असं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी बाईंचा एक डोळा नाकाला चिकटवून काढला. एकीने मात्र दोन्ही डोळे सरळ काढले.

आत्या म्हणाली, "ही पोरगी मला बघूनच न्हाई राहिली!"

सगळी चित्रं तिने भिंतीवर लावली.

*

आत्याला एकाच्या जागी दोन वस्तू दिसायच्या. एकदा मुलीच्या सासऱ्यांना ती पाणी वाढत होती. दिसणाऱ्या दोन ग्लासांपैकी तिने नेमका नसलेला भरला. पाणी सगळं त्यांच्या धोतरावर.

ते शांतपणे म्हणाले, "जेवण मागून करू. आंघोळ तर झालीच हाय."

तेव्हापासून आत्याचा नियम आहे. तांब्याची कड आधी ग्लासाला टेकवायची, टण् असा आवाज आला की मगच ओतायचं.

*

आत्याला लातूरला दाखवायला नेलं तेव्हा मीही सोबत होते. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं, की एवढा मोठा नंबर असला की डोळा मागे लांबत जातो. एखाद्याचा इतका लांबतो, की धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या मधून सरकतो आणि आत, खाली वळतो. मग त्यांनी विचारलं, दोन दिसायला लागलं तेव्हाच का नाही आलात?

"एक डोळा मिटला की एकच दिसायचं," आत्या म्हणाली. "मग कशाला सांगायचं?"

किती दिवस मिटत होता?

"सहा वर्षं."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ऑपरेशननंतर डोळा थोडा सरळ आला. पण बाहेरच्या बाजूला तो अजूनही वळत नाही.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत खो-खो होता. मी धावत जाऊन सायलीच्या पाठीवर हात मारायला गेले. हात हवेतून गेला आणि मी तोंडावर पडले.

सायली मागे वळून म्हणाली, "कुणाला खो देऊन राहिलीस, भुताला?"

चष्मा घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

*

वर्गात फळ्यावरच्या ओळी दोन-दोन दिसायला लागल्या, की मी गालावर हात ठेवते आणि बोटांनी हळूच डावा डोळा झाकते. गणिताच्या सरांनी हे पाहिलं. ते वर्गाला म्हणाले, "बघा, विचार करणारी एकटी हीच हाय."

घरी रोज आरशासमोर उभी राहते. चष्मा काढला तर काही दिसत नाही. घातला तर काचेमागे डोळे इतके बारीक दिसतात, की वळलेत का सरळ आहेत, कळत नाही. सांगितलं तर लातूर, ऑपरेशन, आणि यंदा तर दहावी. नाही सांगितलं तर आत्यासारखा अडकलेला डोळा. दोन्हीची भीती वाटते, म्हणून रोज उद्या सांगू म्हणते.

*

गेल्या रविवारी आत्या आली. दुपारी सगळे जेवायला बसले. आमच्याकडे पाणी वाढायचं काम माझं. पप्पा सासऱ्यांच्या आंघोळीचा किस्सा पुन्हा रंगवून सांगत होते आणि आई हसत होती. मी पप्पांचा ग्लास भरला. टण्. आईचा भरला. टण्.

आत्याच्या ग्लासापाशी आले, तर तिचं जेवण थांबलेलं. डोळा वळत नाही म्हणून ती अख्खी मान वळवते. तशी वळवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून गं?"

"दिवाळीपासून," मी म्हणाले.

"काय दिवाळीपासून?" पप्पांनी हसतच विचारलं.

आत्याने माझ्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतःचा ग्लास भरला. टण्.

पप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला.