पट्टो आवळा, जावयबापू

जमिनीवर आमच्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात सापडायचा नाही. तेलवाहू बोटींवर जन्मभर सारंग म्हणून खलाशी राबवले, आणि निवृत्त झाल्यावर केरीचं घरही ते बोटीसारखंच चालवू लागले. खिडकीच्या गजावर गंजाचा ठिपका दिसला की रंगाचा डबा निघालाच. तेरेखोलच्या पाच मिनिटांच्या फेरीबोटीत हे लाइफ जॅकेट चढवून उभे. बाया तोंडाला पदर लावून हसतात. "हसा गे, हसा. पाण्याक ओळख-पाळख नसता," मामा म्हणतात. आणि पंगत बसली की हे माणसं मोजत फिरतात. माझ्या लग्नात एक माणूस कमी भरला म्हणून त्यांनी वाढप थांबवलं होतं. तो माणूस मीच. सदऱ्यावर सांडलेली सोलकढी धुवायला न्हाणीत गेलो होतो.

मोजण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. आखातात लढाई पेटलेली. बोटीवर लोखंडी टोप आले बारा, माणसं अठ्ठावीस. पहाऱ्यावरच्यांना टोप मिळाले, मामांनाही मिळाला. त्यांचा दोस्त, मोरजीचा स्वयंपाकी, भाताचा टोप डोक्यावर घालून डेकवर आला. "माझो टोप तुमच्यापरास मोठो!" सगळे पोट धरून हसले. दोन दिवसांनी तोफगोळा नेमका स्वयंपाकघरावर पडला. आग विझल्यावर मामांनी माणसं मोजली. सत्तावीस. पुन्हा मोजली.

गेल्या वर्षी त्यांचा जावई, बोटींवर हल्ले चालू असताना, तांबड्या समुद्राकडे निघालेल्या बोटीवर होता. मामांनी मला व्हिडिओ कॉल लावायला बसवलं. जावयाने गोळी अडवणारं जाकीट अंगावर चढवून दाखवलं.

"पट्टो ढिलो आसा, जावयबापू. आवळा."

"आवळलो, मामा."

"आनी स्वयंपाक्याक? तेका आसा मरे जाकीट?"

"सगळ्यांका आसा."

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि परसात निघून गेले.

पुढे चार दिवस बोटीचा फोन लागला नाही. मामींनी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. मामा एकाच खिडकीला तिसऱ्यांदा रंग देत राहिले. पाचव्या दिवशी निरोप आला, बोट सुखरूप बाहेर पडली.

पावसाळ्याआधी जावई घरी आला. मामा दारातच उभे होते. बोलायचं बरंच ठरवून ठेवलं असावं.

"जेवलंस रे?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

त्यांच्या मुलीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांनी जावयाला अरे-तुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. जावयाने मान खाली घातली आणि म्हणाला, "नाय, बाबा."