दार ओढून घेणारी बाई

देवावर माझी श्रद्धा आहे की नुसती सवय, हे मला गेल्या वर्षापर्यंत सांगता आलं नसतं. घोडपदेवच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी दत्ताची आरती होते. लहानपणापासून मी तिथे उभी राहते. पण घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. तिथल्या चर्चा ऐकून आले की हात जोडताना अवघडल्यासारखं व्हायचं. त्यातच मोठी आत्या आजारी पडली.

आत्या तरुणपणीच विधवा झाली. मग नर्सिंग शिकली आणि दुसऱ्या महायुद्धात आसामकडच्या लष्करी इस्पितळात गेली. आजोबा पहिल्या महायुद्धातले शिपाई, इराकात बसऱ्याला जाऊन आलेले. थंडीत त्यांचा जखमी पाय ठणकू लागला की पलटणीतले दोस्त येत, पाय रगडत, चहा होई, बसऱ्याच्या गोष्टी निघत आणि आजोबा हसू लागत. तेच औषध त्यांनी आत्याला लावलं. "पलटणीचं माणूस हाय. एकटं सोडायचं नसतं," ते म्हणाले. मायेनेच म्हणाले.

मग ही म्हातारी मंडळी रोज तिच्या खाटेभोवती बसू लागली. खोली आमची एकच. आत्या पदर घट्ट ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ताप होता, खाणं सुटलं होतं. डॉक्टरांना तिने नाडीपलीकडे हात लावू दिला नाही. लढाई मनात बसली आहे असं सगळे म्हणत, आणि तिला बोलतं करायला आणखी गोष्टी सांगत. मला दिसत होतं की ती खंगत चालली आहे. पण आई सासऱ्यांपुढे बोलत नसे, आणि मलाही धीर होत नव्हता. त्या गुरुवारी मी दत्तापुढे एवढंच म्हणाले की मला काही कळत नाही, तूच बघ.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. रस्त्यावर दगडफेक सुरू झाली तशी एक अनोळखी बाई आडोशाला आमच्या चाळीत शिरली. परळला निघाली होती. आमच्या दाराशी येऊन तिने पाणी मागितलं. पिताना तिची नजर खाटेकडे गेली.

"बापयांनू, जरा भायर बसा बघूया," ती म्हणाली. "बाईमाणसाक कूस तरी बदलूक गावता काय?"

"अहो, आम्ही पण लढाईवरचेच. ती आमच्यातलीच आहे," आजोबांचे एक दोस्त म्हणाले.

"असाल. म्हणून चोळीची गाठ काय तुमच्यासमोर सोडतली ती?"

काठ्या टेकत सगळे गॅलरीत गेले. बाईने दार ओढून घेतलं, खिडकीवर आईचं लुगडं टाकलं. आत्याने हळूच पदर बाजूला केला. छातीखाली मोठं गळू पिकलं होतं. बाईने तिला धरून बसवलं. आत्या क्षीण आवाजात सांगत गेली, पाणी उकळ, कापड त्यात टाक, आणि मी तसं करत गेले. शेकताना आत्या म्हणाली, "पुरुषांच्या जखमा धुण्यात माझी उमर गेली गं. मला दुखलं तर कुठे जायचं, ते तिथेही कुणी ठरवलं नव्हतं."

रस्ता मोकळा झाल्यावर ती बाई निघून गेली. नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी लेडी डॉक्टरने गळू फोडलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्या म्हणाल्या.

आजोबांना मी सगळं सांगितलं. पुढे दोस्त आले तेव्हा त्यांनी दाराबाहेर पाट टाकला. "हितंच बसा. आत पोरीची मलमपट्टी चाललीय."

"काय शिपाई, परत पहाऱ्यावर?"

"व्हय. हुकूम झालाय."

आत आत्या ऐकत होती. किती दिवसांनी ती हसली. मग तिने पेज मागितली.

ती बाई कोण होती, यावर मी वाद घालणार नाही. परळला निघालेली एक बाई, एवढंच मला माहीत आहे. पण आम्ही सगळे आपापल्या परीने माया करत होतो आणि त्या मायेनेच आत्याचा श्वास कोंडत होता, हे आमच्यातल्या कुणालाही दिसलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे कदाचित एवढंच असेल, की दुसऱ्याला काय हवं ते आपल्याला ठाऊक आहे, हा हट्ट सोडणं. आता आरतीला उभी राहते तेव्हा मी काही मागत नाही. आत्याचा ताप उतरला, तेवढं आठवते आणि हात जोडते.