गादीवाला बूट

त्या वर्षी मला एका जागी बसवतच नव्हतं. पोलीस भरतीत पहिल्यांदा उतरले होते. धावण्यात माझ्या पुढे दोघीच होत्या, पण गोळाफेकीत मार्क गेले आणि यादीत नाव आलं नाही. पुढची भरती कधी निघेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. बी.ए. झालं होतं, हाताला काम नव्हतं, आणि घरात पाय टेकला की आई नागभीडकडच्या एका स्थळाचा विषय काढायची. मुलगा रेल्वेत होता, घर चांगलं होतं, नाही म्हणायला माझ्याकडे एकही धड कारण नव्हतं. म्हणून मी सकाळी धावायचे आणि संध्याकाळी परत धावायचे. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन दारात उभी.

“पायाले भिंगरी लागली काय हिच्या?” आई बाबांना विचारायची. बाबा पेपर मिलमधून थकून आलेले असत. ते म्हणायचे, “धावू दे. कोनाशी भांडून तं नाई राह्यली.”

धावायला माझ्याकडे पीटीचे पांढरे कापडी बूट होते. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावर ते आठवडाभरात काळे व्हायचे आणि तीन महिन्यांत तळ फाटायचा. तिसऱ्यांदा तसलाच जोड घ्यायला मी बल्लारपूर स्टेशनजवळच्या बुटांच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारांनी माझ्या पायातला जुना बूट मागून घेतला. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. साठीच्या घरातले, पांढरी दाढी, एक गुडघा वाकत नसल्यामुळे कायम उंच स्टुलावर बसलेले. त्यांनी बूट उलटा केला आणि टाचेवरून अंगठा फिरवला.

“किती धावते तू?”

“रोज. दोन वेळा.”

“कोन्या मैदानावर?”

“मैदान कुठी आहे, चाचा? रोडनंच.”

ते म्हणाले, “पाह्य बेटी, चाळीस साल झाले जूते विकून राह्यलो, पन धावलो मी एक दिवस नाई. आता भरतीवाले पोट्टे येते अन् विचारते, चाचा, धावाले कोनता घेऊ? मी काय सांगू त्याइले? माल देनारा सांगते तेच मी सांगतो. तू धावून सांगशीन काय मले?”

ठरलं ते असं. नवा माल आला की त्यातला एक जोड मी वापरायचा. पंधरा दिवस, रोज, नेहमीसारखं धावायचं. पंधरा दिवस होईपर्यंत बरं किंवा वाईट काहीच बोलायचं नाही. दुपारी दुकानात बसायचं आणि मुली, बाया आल्या की त्यांना बूट दाखवायचे. कोणी विचारलं तर सांगण्याजोगं काहीतरी काम मिळालं, याचाच मला आनंद झाला होता.

पहिला जोड नागपूरहून आलेल्या मालातला. करडा, बाजूला केशरी पट्टा, टाचेखाली जाड फोम. गिऱ्हाईक तो फोम अंगठ्याने दाबायचं आणि त्याचा चेहरा खुलायचा. दोन दिवसांत त्याचं नावच पडलं, गादीवाला बूट.

पहिल्या सकाळी तो घालून मी नदीच्या पुलापर्यंत गेले. कापडी बुटात रस्त्याचा खडा न् खडा कळायचा. यात काहीच कळेना. डांबर उखडलेल्या जागी पाय पडला तरी कोणीतरी खालून हात धरल्यासारखं वाटायचं. पूल आला, रोजच्यासारखं परत फिरायला हवं होतं, पण पाय थांबेनात, आणि मी राजुऱ्याच्या दिशेने आणखी बरीच पुढे गेले. घरी आले तेव्हा मिलचा भोंगा होऊन गेला होता आणि बाबा माझ्या हातचा चहा न घेताच ड्युटीवर निघून गेले होते.

पाच दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, पेपरात भरतीची जाहिरात आली. दुपारी चाचा नमाजाला गेले आणि दुकानात मी एकटी असताना गर्दी लोटली. सगळ्यांना धावायचे बूट हवे होते, आणि सगळे मला विचारत होते. त्याआधी मला कोणी काही विचारल्याचं बरेच महिन्यांत घडलं नव्हतं.

त्या गर्दीत एक बारीकशी मुलगी होती. सिरोंच्याची. मामा मिलमध्ये होता, त्याच्याकडे आली होती आणि दुसऱ्या दिवशी गावी परत जाणार होती. मामाच्या मागे उभी राहून ती नुसती बघत होती. मामाने विचारलं, “बाई, हा गादीवाला चांगला आहे काय? पोरगी धावते चांगली. पैसा फालतू नको जायले.”

“मी सोता घालून धावून राह्यली,” मी म्हटलं. “डोळे मिटून घ्या.”

मुलीने पाच नंबर सांगितला. मी तिला पाच नंबर घातला, तिने मान हलवली, मी डबा बांधला. त्या तासाभरात तसे चार जोड गेले.

चाचा परत आले, रिकामी फळी पाहिली आणि विचारलं, “पंधरा दिवस झाले काय?”

“नाई चाचा. पन माह्ये पाय सांगून राह्यले ना.”

“पाय नाई सांगून राह्यले,” ते म्हणाले, “तुही जीभ सांगून राह्यली.” आणि स्टुलावर चढून बसले.

अकराव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. मी दुर्लक्ष केलं. बाराव्या दिवशी पुलापर्यंतही पोचले नाही. पाय ओढत थेट दुकानात गेले. चाचांनी बूट काढायला लावले आणि दोन्ही काचेच्या काउंटरवर ठेवले. दोन्ही बूट आत कलले होते, एकमेकांच्या अंगावर पडायला आल्यासारखे. फोम टाचेच्या आतल्या कडेला बसून गेला होता. चाचांनी अंगठ्याने दाबला. आत गेला तो वर आलाच नाही.

“पाह्यलं?” ते एवढंच म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे ते चार डबे आले. भरतीला महिनासुद्धा उरला नव्हता. त्याच दुपारी मी सायकल काढली. एक जोड मिलच्या कॉलनीतच होता, एक विसापूरला, एक चंद्रपुरात. तिघांनाही खरं सांगितलं. एकाने शिव्या घातल्या, दुसऱ्याने अजून डबाच उघडला नव्हता, तिसरी मुलगी आधीच गुडघा धरून बसली होती. चाचांनी तिन्ही जोड कुरकुर न करता परत घेतले.

उरली सिरोंच्याची मुलगी. मामाच्या क्वार्टरवर गेले. तो म्हणाला, “तिच्या घरी फोन नाई. शेजारी आहे, पन त्याची लाइन पंधरा दिवसांपासून बंद आहे. चिठ्ठी टाका.”

चाचांनीही चिठ्ठीच टाकायला सांगितलं. मी पोस्टकार्ड घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि फाडून टाकलं. कार्ड पोचेपर्यंत ती रोज धावणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर होते.

“एका बुटासाठी सिरोंच्याले?” आई मागून आली होती. “लोक काय म्हनतीन?”

“उद्या येते,” मी म्हटलं आणि चढले.

गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीला गाडी बदलली. पुढे रस्ता जंगलातून जातो आणि तेव्हा तो नुसता खड्ड्यांचाच होता. गाडी इतकी हळू जायची की उतरून धावत गेले तर आधी पोचेन असं वाटत होतं. जिमलगट्ट्याला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला, तेव्हा मी गाडीला तीन चकरा मारल्या. कंडक्टरने विचारलं, “कोनी बिमार आहे काय तिकडं?” मी नाही म्हटलं. खरं कारण सांगायची लाज वाटली.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. घर सापडलं. अंगणात मिरच्या वाळत होत्या आणि मुलीची आई त्या खालीवर करत होती. तिला मराठी फारशी येत नव्हती. मी कोण ते न विचारताच ती तेलुगूत म्हणाली, “रा अम्मा, कूर्चो,” आणि बाज पुढे सरकवली. मी बसले नाही. मुलगी घरातून बाहेर आली, मला ओळखलं आणि घाबरली. मामाला काही झालं असं तिला वाटलं.

मी श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. पाच दिवसांत चांगला म्हटलं, बाराव्या दिवशी फोम बसला, माझी नडगी गेली, तू धावू नको त्याच्यात. ती आत जाऊन बूट घेऊन आली. उंबऱ्याच्या दगडावर ठेवले. सरळ उभे. मी अंगठ्याने टाच दाबली. फोम आत गेला आणि परत वर आला.

“तू धावली नाई काय याच्यात?”

“रोज धावते,” ती म्हणाली. “तुमच्यासारखीच. दोन वेळा.”

माझा विश्वास बसेना. रात्री तिथेच राहिले आणि सकाळी तिच्यासोबत गेले. नडगी ठणकत होती तरी मी माझे कापडी बूट घातले होते, तिच्या पायात गादीवाले. गोदावरीच्या बाजूने कच्चा रस्ता जातो, त्यावरून आम्ही निघालो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आवाज फक्त माझ्याच पावलांचा येतोय. मी मागे पडले आणि तिचे पाय बघत धावले. मी टाच आपटून पाय आत टाकते. ती चवड्यावर उतरायची, टाच टेकते न टेकते तोच पाय उचललेला. अंगानं माझ्या निम्मी. त्या फोमला तिचं ओझं कळलंच नव्हतं. गुडघा धरून बसलेल्या मुलीचा जोड तेवढ्याच दिवसांत कलला होता.

म्हणजे बूट वाईट नव्हता. तो माझ्यासाठी वाईट होता. मी एवढ्या लांब एक चूक निस्तरायला आले होते आणि ती चूक इथं नव्हतीच. मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

परत येऊन ती विहिरीवर पाय धुवायला बसली, तेव्हा मी पाहिलं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. एक तर निघायला आलं होतं.

“हे काय?”

“काई नाई. गादीवाल्या बुटात असंच होते ना पहिल्यानं?”

मी बूट हातात घेतला, तिला घालायला लावला आणि पुढून दाबलं. अंगठा टोकाला भिडलेला. तिला साडेपाच, कदाचित सहासुद्धा लागला असता. त्या शुक्रवारी मी तिला उभंसुद्धा केलं नव्हतं.

“मले तेव्हा काऊन नाई सांगितलं?”

“तुम्ही घाईत होत्या,” ती म्हणाली. “मंग मले वाटलं, तुम्हाले माहीत असन.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागलं. मी बाजेवर बसले. तिच्या आईने कांजीसारखी पातळ पेज दिली आणि मिरचीचा ठेचा. मी तो सगळा वेळ एका जागी बसून होते, कितीतरी महिन्यांनी. नंतर कागदावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली, दोन्ही पावलांची. कागद घडी करून छोटे बूट पिशवीत घातले आणि गाडी पकडली.

चाचांनी कागद काउंटरवर पसरला, टेपने मोजला आणि आतून गादीवाल्यातलाच सहा नंबरचा जोड काढला. आलापल्लीमार्गे जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती तो गेला. मला ते रागावले नाहीत. फक्त पुढचा नवा जोड देताना म्हणाले, “याचे वीस दिवस.”

मी वीस दिवस पूर्ण केले. ते फार कठीण गेले. रोज कोणीतरी विचारायचं आणि रोज “अजून नाई सांगू शकत” म्हणावं लागायचं. पण त्या दिवसांत मला एक सवय लागली. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याची जुनी चप्पल उलटी करून बघायचे, मग त्याला दुकानाबाहेर थोडं धावायला लावायचे. लोक हसायचे. स्टेशनसमोरचे रिक्षावाले तर रोज तमाशा बघितल्यासारखे उभे राहायचे. गादीवाला बूट मी त्यानंतरही विकला, पण चवड्यावर उतरणाऱ्यांनाच.

नागभीडच्या लोकांनी वाट पाहून दुसरीकडे ठरवलं. मी चंद्रपूरच्या भरतीत पुन्हा उतरले. धावण्यात या वेळी पहिली आले, गोळा मात्र तेवढाच जवळ पडला आणि यादीत नाव नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात दुकानाच्या पत्त्यावर सिरोंच्याच्या मुलीचं पत्र आलं. गडचिरोलीला तिची निवड झाली होती. अवकाळी पावसाने मैदान चिखलाचं झालं होतं, बूट जड झाले म्हणून अर्ध्यात काढून टाकले आणि अनवाणी धावले, असं तिने लिहिलं होतं. बूट कोणीतरी नेले, याबद्दल माफी मागितली होती.

मी ते चाचांना वाचून दाखवलं. ते मोठ्याने हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. मला तिचा आनंद झाला होता आणि हेवाही वाटत होता, दोन्ही एकदमच. काउंटरमागे उभं राहवेना.

“कुठी चालली?”

“पुलापर्यंत.”

“पाऊस आहे ना, बेटी.”

मी कापडी बूट बांधले आणि निघाले.