दोनचे चार, तीनचे दोन

माझ्या बायकोने ओढून पाहिल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. सुरेखा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग तपासायची. जोडलेली प्रत्येक तार ओढायची; निघाली, की माल परत. हीच सवय घरी आली. पिशव्यांचे बंद, माझ्या शर्टाची बटणं, पडद्यांच्या कड्या, सगळ्यांची परीक्षा व्हायची. आमच्या लग्नात उपरण्याला गाठ मारल्यावर तिने तीही हळूच ओढून पाहिली होती. (मी तिच्याकडे सरकलो. ती समाधानी दिसली.)

दिघीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं छत करायचं ठरलं, तेव्हा पंख्याच्या आणि दिव्यांच्या तारांचे जोड छताआड कायमचे बंद होणार होते. इलेक्ट्रिशियन तारा पिळून वर टेप गुंडाळायच्या बेतात होता. सुरेखाने त्याला वाटेला लावलं; जोड आता आम्हीच करणार होतो. टेप उन्हाळ्यात सुटते. स्क्रूची पट्टी पंख्याच्या थरथरीने सैल होते आणि अधूनमधून आवळावी लागते. छत बंद झाल्यावर आवळायला वर कोण जाणार, असा तिचा सवाल होता. तिला आतल्या स्प्रिंगने तार धरून ठेवणारे, पुन्हा हात लावावा न लागणारे मेंटेनन्स-फ्री कनेक्टर हवे होते. ते निवडून आणायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. संसारातलं माझं पहिलं तांत्रिक काम! ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचला पीओपीचा कारागीर छत बंद करणार होता, त्याआधी एक तरी जोड आपल्या हातचा व्हावा, अशी माझी फार इच्छा होती.

मी कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे आठवडाभर वाचूनच तयारी केली. तार एकसंध की अनेक धाग्यांची, तिची जाडी किती, दोन तारांना दोन खाचांचा कनेक्टर, तीन तारांना तीन खाचांचा, सगळं पाठ झालं. एवढा अभ्यास घेऊन दुकानात गेलो आणि ‘कनेक्टर’ हा शब्द तेवढा उच्चारायचा राहिला.

"मेंटेनन्स-फ्री आहेत का?" मी विचारलं.

दुकानाचे मालक तात्या दिघीचे जुने रहिवासी. त्यांचं अर्धं दुकान वायर-बल्बचं, अर्धं फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचं. तशी मोठी पाटीही होती. (दिसेल ते वाचणाऱ्या माणसाने नेमकी तीच वाचली नव्हती.)

"किती वर्षं पायजे मेंटेनन्स-फ्री?"

"कायमचे."

"कायमचं कोण देत न्हाई, सर. पण बगू. किती?"

"दोनचे चार आणि तीनचे दोन."

तात्या उभे राहिले. त्यांनी चहा सांगितला, स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसून दिली. मला वाटलं, इतकं नेमकं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना प्रथमच भेटलं असावं. सगळे एकदम घेणार का, त्यांनी विचारलं. आजच, पाचच्या आत, मी म्हणालो. घरी कुणाला दाखवायचे का, यावर मी सांगितलं की बायको एकेक ओढून बघेल आणि मगच पसंत करेल. तात्यांनी वही उघडली. मग त्यांनी फोन नंबर मागितला. मी सहसा फोन उचलत नाही, म्हणून तिचाच दिला.

सुरेखा तेव्हा पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये बसली होती. बसच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून तिने स्पीकर लावला. तात्यांनी दुकानाबाहेर जाऊन अदबीने कळवलं की सरांना टू बीएचके चार आणि थ्री बीएचके दोन आजच पाहिजेत, आणि चऱ्होलीला एकाच बिल्डिंगमध्ये ते जमण्यासारखं आहे. बस भोसरीला पोचेपर्यंत तिच्या मैत्रिणींनी आम्हाला बिल्डर करून टाकलं होतं. एकीने तर पूर्वेकडचा फ्लॅट भाड्याने मागूनही घेतला.

मग सुरेखाने तात्यांकरवी मला फोनवर बोलावलं. "अहो, सहा फ्लॅट? एवढी माणसं कुठून आणायची राहायला?"

"फ्लॅट नाहीत गं. कनेक्टर."

पलीकडे अख्खी बस हसली. स्पीकर चालूच होता.

कनेक्टर तीच वाटेत घेऊन आली. घरी कारागीर पीओपी कालवून बसला होता. "भाभी, माल जम जाएगा," तो कळवळून म्हणाला.

"जमू दे. दुसरा कालव."

मेन स्विच बंद करून ती युनिफॉर्ममध्येच स्टुलावर चढली. तार सोलायची, कनेक्टरची चिमुकली पाती उचलायची, तार आत सारायची, पाती दाबायची आणि ओढायची. ज्या कृतीसाठी मी तीन आकृत्या अभ्यासल्या होत्या, ती तिच्या बोटांना श्वास घेण्याइतकी सोपी होती. मी खालून स्टूल धरून बघत राहिलो. इतकं देखणं काम मी फार थोड्या माणसांना करताना पाहिलं आहे.

शेवटचा जोड मी मागून घेतला. तिने खाली उतरून जागा दिली. मी जोड केला, उतरलो; ती चढली आणि तिने ओढलं. तार तिच्या हातात आली. मी ती प्लास्टिकच्या आवरणासकट कोंबली होती.

"अहो, वायरचं कव्हर काढायचं असतं," ती म्हणाली. "हे काय लायब्ररीचं पुस्तक आहे?"

तो जोडही तिनेच केला. छत बंद झालं.

सुरेखाला जाऊन आता वर्ष होत आलं. एवढ्या काळात मी मिक्सर जाळला, तिची तुळस वाळवली, कुकरची शिटी कुठे ठेवली ते मला अजून आठवलेलं नाही. छतातले जोड मात्र तिने केले तस्से आहेत. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा कुरकुरत नाही. येणारे-जाणारे वर बघून म्हणतात, सरांनी वहिनींचं काम किती जपलंय.

मी नुसती मान हलवतो. तिथे माझा हात पोचत नाही, एवढंच त्यांना सांगत नाही.